कोल्हापुरात राहून सेंद्रिय जेवायचं तर सुरुवात गुळापासून करा

कोल्हापुरात आता गल्लोगल्ली 'सेंद्रिय'ची पाटी दिसते. गूळ सेंद्रिय, तांदूळ सेंद्रिय, गाड्यावरची मेथीसुद्धा सेंद्रिय. पाटी रंगवायला फारसे पैसे पडत नाहीत, त्यामुळे नुसत्या पाटीवर विसंबून घरचं जेवण बदलायला निघालात तर महिन्याचा खर्च वाढेल आणि ताटात काय आलं ते कळणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पिकवणारा ओळखीचा असेल तर शिक्का दुय्यम. तो ओळखीचा नसेल तर शिक्का नीट वाचता आला पाहिजे. आपल्याला पहिली वाट सोपी आहे, कारण शहरातून कुठल्याही दिशेला थोडी गाडी मारली की रान लागतं. मुंबई-पुण्याच्या माणसाला ही सोय नाही.

आणखी एक. सगळं स्वयंपाकघर एका महिन्यात बदलायचा हट्ट नको. एक जिन्नस घ्या, त्याचा माग त्याच्या रानापर्यंत काढा, तो पक्का झाला की पुढचा. हंगामाप्रमाणे गेलात तर क्रम आपोआप लागतो: थंडीत गूळ आणि तांदूळ, उन्हाळ्यात तेल आणि मिरची, पावसाळ्यात रानभाज्या. भाजीपाला वर्षभर, पण तो सगळ्यात अवघड आहे. बहुतेक लोक भाजीपासून सुरुवात करतात आणि दोन महिन्यांत सोडून देतात.

पहिली पायरी : गुऱ्हाळावर जा

गुळापासून सुरुवात करायचं कारण म्हणजे तो आपल्या डोळ्यांदेखत बनतो. गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. करवीर, पन्हाळा, कागल भागात धुराडं आणि वाळत घातलेली चिपाडं दिसली की गुऱ्हाळ आलं म्हणायचं. मालकाला आधी फोन करा आणि आधण, म्हणजे उकळून तयार झालेला पाक, उतरायच्या वेळेला पोहोचा. तयार ढेपा बघून काही कळत नाही.

घाण्यातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो. खाली चुलवाणात चिपाडांचाच जाळ. रस तापू लागला की रानभेंडी ठेचून पाण्यात कालवलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओततात. त्या चिकटपणाने रसातली घाण गोळा होऊन वर येते, ती मळी. मळी पुन्हा पुन्हा काढावी लागते आणि गुळाचा निम्मा दर्जा तिथंच ठरतो. पाक १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी होते, ११८ अंशांच्या पुढेमागे गूळ. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मात्र थर्मामीटर लावत बसत नाही. थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत धरून त्याची गोळी वळून बघतो, आणि मग काहील उतरायला सांगतो. वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतलेला गूळ घोटून, जरा निवला की साच्यात भरतात. तिथं उभं राहून हातावर घेतलेला गरम गूळ खाल्ला नसेल तर कोल्हापुरात राहून काय केलं, असं मी पाहुण्यांना म्हणतो.

आता विचारायचे प्रश्न. पहिला, मळी काढायला आणि रंगाला काय वापरता? भेंडी, थोडी चुन्याची निवळी, इथपर्यंत ठीक. हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकलं की गूळ पिवळाधमक होतो. पण तो रंग टिकाऊ नसतो, ठेवलेला गूळ पुढे काळपट पडत जातो. दुसरा प्रश्न, काहिलीत साखर पडते का? हा प्रश्न हसत विचारावा, नाहीतर चहा न पिता परतावं लागेल. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: ऊस कुणाचा आणि त्याला युरिया घातला होता का?

कारण 'रसायनमुक्त गूळ' आणि 'सेंद्रिय गूळ' ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात काहिलीत रसायन टाकलेलं नसतं, ऊस मात्र नेहमीच्या खतांवर आणि तणनाशकावर वाढलेला असू शकतो. दुसऱ्यात ऊसही सेंद्रिय हवा. आडसाली ऊस रानात सोळा-अठरा महिने उभा असतो, तेवढा काळ रासायनिक खताशिवाय ऊस पोसणं ही सोपी गोष्ट नाही. म्हणून खरा सेंद्रिय गूळ कमी मिळतो आणि महाग पडतो. गुऱ्हाळवाल्याने "ऊस बाहेरचा आहे, काहिलीत मात्र काही टाकत नाही" असं सांगितलं तर त्याच्याकडून जरूर घ्या. तो खरं बोलतोय.

हायड्रॉससाठी एकट्या गुऱ्हाळवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, पिवळ्या गुळाला भाव जास्त लागतो, कारण पिवळा गूळ आपल्यालाच हवा असतो. चांगला गूळ तांबूस-तपकिरी असतो आणि जिभेवर खारट लागत नाही. वर्षाचा गूळ घ्यायचा तर मार्चपर्यंत घ्या, आणि जूनच्या आत घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आपल्याकडच्या पावसाच्या दमट हवेत उघडा गूळ पाझरतो.

दुसरी पायरी : शिक्के वाचायला शिका

ही पायरी रुक्ष आहे, पण दहा मिनिटांत उरकते.

भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आणि सेंद्रिय प्रमाणपत्र ह्यांची गल्लत करू नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये जीआय मिळालं. त्यातून माल कुठला हे कळतं. कसा पिकवला हे कळत नाही. जीआय असलेला गूळ हायड्रॉस घातलेला असू शकतो.

सेंद्रियसाठी देशात दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनची, जिच्यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते. निर्यातीला हीच लागते, पण लहान शेतकऱ्याला तिचा खर्च झेपत नाही. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. हिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या रानांची तपासणी करतो आणि एकमेकांची हमी घेतो. 'पीजीएस-ग्रीन' म्हणजे रान अजून बदलाच्या काळात आहे, 'पीजीएस-ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ पुरा झाला. हंगामी पिकांसाठी हा काळ साधारण दोन वर्षांचा, फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन. मागच्या वर्षी युरिया बंद केला म्हणून यंदाची वांगी सेंद्रिय, असं होत नाही. पाकीटबंद मालावर 'जैविक भारत'चं हिरवं चिन्ह हवं, ते अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार आहे.

ज्याची वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत आहे आणि जो स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकतो, त्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त त्याला 'जैविक भारत'चं चिन्ह वापरता येत नाही. त्यामुळे कागद नाही म्हणून एखाद्याला लबाड ठरवू नका. तिथं आपले डोळे आणि प्रश्न कामाला येतात.

तिसरी पायरी : वर्षाचा तांदूळ थेट घ्या

भात कापणी दिवाळीच्या आगेमागे होते. डिसेंबर-जानेवारीत आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा पट्ट्यातून तांदूळ घरपोच किंवा ओळखीतून मिळतो. घनसाळ हवा असेल तर आधी दोन मुठी घेऊन शिजवून बघा. दाणा आखूड, वास मंद पण शिजताना घरभर. कुकरच्या शिट्ट्यांत हा वास उडून जातो. पातेल्यात आधण ठेवून, झाकण टाकून, मंद आचेवर शिजवला तरच त्याचे जादा पैसे वसूल होतात. रोजच्या भाताला इंद्रायणी पुरे. काळा जिरगा कुणाकडे मिळाला तर थोडा घ्या, असली जुनी वाणं मागणीवरच टिकतात.

शेतकऱ्याला विचारा की पॉलिश एकदा करता की दोनदा. एकदाच करून मागा. नवा तांदूळ चिकट होतो आणि पाणी कमी लागतं, म्हणून तो खराब आहे असं समजू नका.

इथून पुढची चूक घरातच होते. सेंद्रिय तांदूळ आणायचा आणि किडू नये म्हणून त्याला बोरिक पावडर चोळायची, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. मग शेतकऱ्याने एवढी मेहनत केली कशाला? तांदूळ सावलीत पसरून कोरडा करा, पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि चार बिब्बे घालून ठेवा. बिब्बा हाताळताना तेल कातडीला लागू देऊ नका, फोड येतात. पोरकिडे झालेच तर तांदूळ चाळून, निवडून घ्या. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात पुरतो.

चौथी पायरी : मंडईत शेतकरी ओळखा

कपिलतीर्थ मंडई असो, लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार असो, बसलेले सगळे शेतकरी नसतात. बरेच जण पहाटे शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यातून माल उचलून आणतात. त्यात गैर काही नाही, पण त्या मालाचं रान कुठलं हे त्यांनाही सांगता येत नाही.

रानातून थेट आलेली मावशी ओळखायची खूण म्हणजे तिच्यापुढे वीस प्रकार नसतात. तीन-चार असतात: पोकळा, शेपू, थोड्या हिरव्या मिरच्या, एखादा भोपळा. जुड्या लहान-मोठ्या, मुळांना ओली माती, बांधायला केळीचं सोपट. आणि दुपारपर्यंत ती उठते.

तिला "औषध मारलंय का?" असं विचारू नका. उत्तर "नाही ओ" हेच येणार, मारलं असलं तरी. त्यापेक्षा असं बोला:

"मावशी, रान कुठलं तुमचं?"
"शिरोळकडलं."
"पाणी हिरीचं का नदीचं?"
"हिरीचं. नदी लांब हाय."
"वांग्याला अळी आली की काय करता ओ?"

ह्या शेवटच्या प्रश्नावर खरी गोष्ट बाहेर येते. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी येतेच, ती टळत नाही. जी बाई "किडकी काढून म्हशीला टाकतो, शेंडे खुडतो, निंबोळीचा अर्क मारतो" असं सांगते तिने ते काम केलेलं असतं. जी म्हणते "आमच्यात अळी येतच नाही", तिच्याकडून वांगी घेऊ नका. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असा समज असतो, तोही खोटा. निंबोळी अर्क, दशपर्णी म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, आंबट ताक, गोमूत्र हे सगळं फवारावंच लागतं.

भाज्यांतही प्राधान्य ठरवा. फ्लॉवर, कोबी, भेंडी, वांगी, मिरची ह्यांवर सर्वसाधारण शेतीत फवारण्या जास्त होतात, तेव्हा सेंद्रियचा आग्रह इथं धरा. शेवगा, लाल भोपळा, अळू, रताळी, कच्ची केळी ह्यांत एवढी घाई नको. पैसे मोजकेच असतील, आणि बहुतेकांचे मोजकेच असतात, तर ते वांग्या-मिरचीवर घाला. आणि हंगामाबाहेरचा फ्लॉवर सोडा. थंडीत पावटा, हरभऱ्याची भाजी, चाकवत, मेथी असताना त्याची आठवण कशाला हवी?

धुण्याबद्दलही बोलून घेऊ. वाहत्या पाण्याखाली भाजी चोळून धुतली की माती आणि वरवरचं औषध बरंच निघतं. आंतरप्रवाही औषध मात्र भाजीच्या पेशींत उतरलेलं असतं. मीठ, हळद, सोडा, काहीही घाला, ते धुऊन जात नाही.

पाचवी पायरी : रान बघायला जा

दोन-तीन महिने एकाच माणसाकडून भाजी घेतली की "एकदा रानात येऊ का?" असं विचारा. होकार येतो की टाळाटाळ, त्यातूनच पुष्कळ समजतं. काढणीच्या धांदलीत जाऊ नका, न विचारता काही तोडू नका, आणि पोहोचल्या पोहोचल्या भावाची गोष्ट काढू नका.

रानात गेल्यावर बांधावर नजर टाका. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या असतील तर त्यांवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. त्या शेजाऱ्याच्याही असू शकतात, म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका, विचारा. पिकात पिवळे चिकट सापळे, वासाने किडे ओढणारे कामगंध सापळे, कडेला झेंडू किंवा मक्याची ओळ दिसली तर माणूस कीड ओळखून शेती करतोय. शेजारी ऊस असेल तर मध्ये किती अंतर सोडलंय ते बघा. उसातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. त्याचा फवारा वाऱ्याने भाजीवर आला की पानं आकसून वेडीवाकडी होतात. आपल्या जिल्ह्यात उसाशेजारी भाजी करणाऱ्याचं हे कायमचं दुखणं आहे आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मग जीवामृताचं पिंप दाखवायला सांगा. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे सावलीत दोन दिवस मुरवतात, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतात आणि आठवड्याभरात संपवतात. एका एकराला एवढं लागतं. मुरलेल्या जीवामृताला आंबूस वास येतो, घाण नाही. पिंप कोरडं ठणठणीत आणि आत कोळ्याचं जाळं असेल तर ते पाहुण्यांसाठी ठेवलेलं आहे.

मुलांना बरोबर न्या, पण व्याख्यान देऊ नका. भुईमुगाचा एक डहाळा उपटायला द्या. शेंगा फांदीला नसून मातीखाली असतात हे बघून पोरं जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं शेतकऱ्यालाच देऊ द्यावीत. ओळखीचं रान नसेल तर शहराजवळच्या कणेरी मठावर जा. तिथल्या संग्रहालयात बलुतेदारी आणि गावगाडा पुतळ्यांतून उभा केलाय, आणि मठाच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतीची माहितीही मिळते.

तेल, मिरची, दूध

उन्हाळ्यात शेंगदाणे स्वस्त पडतात तेव्हा लाकडी घाण्यावर स्वतःचे दाणे नेऊन तेल काढून घ्या. लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, म्हणजे घाण्याचं तेल तेवढ्या दाण्यांच्या बाजारभावापेक्षा स्वस्त कुणी देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. दाणे नेण्याआधी बुरशी आलेले, काळे, सुरकुतलेले वेचून टाका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं. ही निवड घाणेवाला करत नाही.

कांदा-लसूण मसाल्याची मिरची एप्रिल-मेमध्ये. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. सेंद्रिय मिरची मिळणं खरंच कठीण आहे, फुलकिडे आणि चुरडामुरडा रोगामुळे पीक हातचं जातं. मिळाली तर वर्षाची एकदम घ्या, नाही तर देठ काढून, कडक उन्हात वाळवून, समोर कांडून आणलेली साधी मिरचीही तयार पाकिटापेक्षा बरी. निदान त्यात रंग नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

दुधाच्या बाबतीत 'सेंद्रिय' शब्दाच्या मागे लागू नका. दूध सेंद्रिय म्हणायचं तर म्हशीचा सगळा चारा सेंद्रिय हवा, आणि आपल्याकडे म्हशीच्या दावणीत उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, असतं. गोठा स्वच्छ असलेला गवळी धरा. दूधकट्ट्यावर समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध हा कोल्हापूरचा अभिमान असला तरी लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायांना ते उकळल्याशिवाय देऊ नये.

सहावी पायरी : एक ताट पूर्ण करा

आठवड्यातून एक दिवस असं जेवण करा की ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं गाव सांगता येईल. शाळूची भाकरी, पोकळ्याची भाजी, हुलग्याचं माडगं, हिरव्या मिरचीचा खर्डा, घनसाळचा भात, शेवटी गूळ-तूप. मीठ आणि हिंगाचं गाव नाही सांगता येणार, सोडून द्या.

ताजा पोकळा असेल तर त्याचे कोवळे देठ टाकू नका, बोटभर तुकडे करून आधी तेच कढईत घाला. लोखंडी कढईत घाण्याचं तेल, ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, मग हिरवी मिरची, देठ, आणि देठ मऊ झाले की पानं. पाणी घालायचं नाही, पानांना सुटतं तेवढं पुरे. मीठ शेवटी, कारण ढीगभर पोकळा शिजून मूठभर होतो आणि आधी घातलेलं मीठ मग डोक्यावर बसतं. वरून दाण्याचं कूट. आदल्या दिवशी काढलेला आणि त्याच सकाळी काढलेला पोकळा एकदा शेजारी शेजारी शिजवून बघा, मग मंडईत लवकर का जायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर सेंद्रिय भाजी तुटपुंजी असते. पावसात अर्क धुऊन जातात, रोग वाढतात. ह्या दिवसांत शेतकऱ्याला "आज एवढंच?" असं म्हणू नका. हा रानभाज्यांचा मोसम आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं हे डोंगराकडून येणाऱ्या बायांकडे मिळतं, आणि ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. स्वतः खुडायला जायचं तर ओळखणारी बाई बरोबर हवीच. रस्त्याकडेचं, गटाराकाठचं आणि उसाच्या बांधावरचं काही घेऊ नका, बांधावर तणनाशक पडलेलं असतं. शेवळं घशाला खाजतात, त्यांत आमसूल किंवा चिंच हवी. भारंगीची पानं कडू, उकडून पिळून घ्यावी लागतात.

आणि ह्याच दिवसांत पुढच्या वर्षाचा व्यवहार ठरवा. दोन-चार घरं एकत्र येऊन एखाद्या शेतकऱ्याला "थंडीत आम्हाला दर आठवड्याला एवढी भाजी लागेल, हे थोडे आगाऊ पैसे" असं सांगितलं तर तो त्या हिशेबाने वाफे पाडतो. दर हंगामापुरता ठरवून टाका. बाजार वर गेला तरी त्याने वाढवायचा नाही आणि पडला तरी आपण घासाघीस करायची नाही. काय काय लावायचं ते त्याच्यावर सोडा, नाहीतर जानेवारीत सगळ्यांना ब्रोकोलीच हवी असते.